आलं का? : एका झोताच्या दिशेची गोष्ट

माझं आजोळ दौंड तालुक्यातलं. मी सहा-सात वर्षांचा असताना आजीच्या वस्तीवर केबल पोचली नव्हती. टीव्ही होता, दूरदर्शन होतं आणि पत्र्यावर लोखंडी पाइपाला बांधलेला अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना होता. वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि चित्रावर मुंग्या यायच्या. मग तिघांची कामं ठरलेली असायची. मामा पत्र्यावर, आजी टीव्हीसमोर आणि मधे दारात मी.

"आलं का रे?" मामा वरून ओरडायचा.

"आजी, आलं का?"

"आलं आलं... गेलं. मागं घ्या म्हणावं."

"मामा, गेलं! मागं घे!"

सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा आमच्यापासून बराच लांब. त्यामुळे चार बोटं इकडे-तिकडे झाली तरी फरक पडायचा. मामाला फ्रिक्वेन्सी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण कुठल्या दिशेला चित्र स्वच्छ येतं हे त्याच्या हाताला कळायचं. पाइपाखाली वीट सरकवून तो खाली उतरायचा.

आज मी पुण्यात एका कंपनीत मोबाइल टॉवरसाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या टीमचं काम एका वाक्यात सांगायचं तर मामा, आजी आणि मी मिळून जे करायचो ते कोडकडून करून घेणं. टॉवर एक झोत एका दिशेला टाकतो, मग दुसरा, मग तिसरा. फोन सांगतो, 'पाचवा बरा दिसतोय.' टॉवर पाचवा धरतो. याला आम्ही बीम सिलेक्शन म्हणतो.

या कामात मी एक चूक केली. तिच्यामुळे मला या झोतांचा इतिहास वाचावा लागला.

फुल्ल रेंज, पण पान उघडेना

टॉवर आधी रुंद झोत टाकून फोन साधारण कुठे आहे ते शोधतो. नंतर डेटा पाठवायला त्याच भागातला एक अरुंद झोत निवडतो. कुठल्या अँटेनाला किती फेज द्यायची याची दोन टेबलं असतात, एक रुंद झोतांचं आणि एक अरुंद झोतांचं. दुसऱ्या टेबलात अँटेनांच्या गटांचा क्रम मी उलटा भरला. पहिला गट शेवटी, शेवटचा पहिला.

लॅबमध्ये काहीच दिसलं नाही. तिथे फोन बरोबर समोर ठेवलेला होता, आणि क्रम उलटा झाला तरी समोरचा झोत समोरच जातो. बाहेर चाचणी सुरू झाली तेव्हा तक्रारी आल्या. टॉवरच्या समोर सगळं छान. डावीकडे आणि उजवीकडे मात्र फोनवर रेंज फुल्ल आणि पान उघडेना. रुंद झोत बरोबर पोचत होता. पण फोन डावीकडे असला की डेटाचा झोत नेमका तेवढाच उजवीकडे जात होता, आरशातल्यासारखा.

दोन आठवडे आम्ही भलत्याच ठिकाणी शोधत होतो. शेवटी आमच्या सीनियर मॅडमनी माझं टेबल कागदावर काढून बघितलं आणि म्हणाल्या, "आकडे सगळे बरोबर आहेत. फक्त तू पाठ फिरवून उभा आहेस." मग त्यांनी विचारलं, "तू दौंडकडचा ना? शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडचा झोत तुमच्या गावाला यायचा, माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

ढोलपथकाचं गणित

आधी झोत तयार कसा होतो ते बघू. गणपतीतलं ढोलपथक डोळ्यासमोर आणा. ३४ मीटर लांब रांग आहे आणि तुम्ही तिच्या उजव्या टोकाला उभे आहात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे डाव्या टोकाचा ठोका तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सगळ्यांनी एकाच क्षणी टिपरू मारलं तर तुम्हाला एक ठोका ऐकू येणार नाही, घरंगळत आलेली रांग ऐकू येईल.

आता उलटं करा. सर्वांत डावीकडच्याने आधी मारायचं आणि पुढच्या प्रत्येकाने आधीचा आवाज आपल्यापाशी येईपर्यंत थांबायचं. उजव्या टोकाला सगळे ठोके एकदम पोचतील, छातीत धडकी भरवणारा एकच ठोका. डाव्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला मात्र तेच ठोके आणखी विखुरलेले ऐकू येतील. कोणीही ढोल वळवला नाही, कोणीही जोर वाढवला नाही. फक्त कोण किती थांबलं यावर दिशा ठरली.

अँटेनांच्या रांगेतही हेच होतं. फक्त तिथला 'थांबा' सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही छोटा असू शकतो. त्या थांब्यालाच फेज म्हणतात. माझी चूक एवढीच होती की आधी कोणी मारायचं ते मी उलटं सांगितलं.

पहिले तीन अँटेना

ही युक्ती रेडिओवर पहिल्यांदा करून दाखवली कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने. साल १९०५, गाव स्ट्रासबुर्ग. ते आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन उभे अँटेना. त्यांतल्या एकाला लहरीच्या पाव आवर्तनाएवढा उशीर. त्यामुळे एका बाजूला लहरी एकमेकींत मिसळून जोर धरायच्या आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींना मारायच्या. तो उशीर तिघांपैकी कोणत्याही अँटेनाला देता यायचा, म्हणजे झोत १२० अंशांच्या टप्प्याने तीन दिशांना फिरायचा. निवडायला झोत तीनच, आणि निवडणारा माणूस. आज रस्त्यावर मान वर करून टॉवर बघितलात तर बहुतेक ठिकाणी अँटेनांचे तीन गट तीन बाजूंना तोंड करून दिसतील. तेही १२०-१२० अंशांचे.

१९०९ साली मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळून भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मार्कोनीचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं, ब्राउनचं राहून गेलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो रेडिओच्या पेटंटच्या एका खटल्यात साक्ष द्यायला अमेरिकेला गेला आणि तिथेच अडकला. अमेरिका युद्धात उतरल्यावर तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. १९१८ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायच्या आधी, न्यूयॉर्कमध्ये वारला.

आणखी एक गोष्ट मला वाचताना सापडली. टीव्हीच्या जुन्या काचेच्या नळीचा, कॅथोड रे ट्यूबचा शोधही ब्राउनचाच, १८९७ चा. आमच्या वस्तीवर आजी ज्या पडद्याकडे बघून 'गेलं' म्हणायची, तो पडदा त्याचा होता. झोत फिरवणारा आणि झोत आला का ते दाखवणारा, एकच माणूस.

खडकी ते लिंकनशायर

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येतो.

१९२० च्या दशकापर्यंत लांबवर रेडिओ संदेश पाठवायचे म्हणजे लांब लहरी, प्रचंड वीज आणि अवाढव्य केंद्रं, असा समज होता. भारतातून इंग्लंडला तार जायची ती समुद्राखालच्या केबलने. मुंबईपासून निघून एडन, सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत जाणारी केबल १८७० मध्येच सुरू झाली होती. मार्कोनी आणि त्याचा इंजिनिअर चार्ल्स फ्रँकलिन यांनी १९२३-२४ मध्ये आखूड लहरींवर प्रयोग केले आणि दिसलं, की लहर आखूड घेतली आणि सगळी ताकद एका अरुंद झोतात कोंबली, तर कमी विजेत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचता येतं. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्याने मार्कोनीच्या कंपनीशी करार केला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत या चार ठिकाणांसाठी इंग्लंडमध्ये बीम स्टेशनं उभारायची.

भारताच्या बाजूला ही जबाबदारी इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीकडे होती. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला, संदेश घ्यायचं केंद्र दौंडला. दोन्ही वेगळी, कारण शेजारी कोणी ओरडत असताना लांबची कुजबुज ऐकू येत नाही. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केलं. त्याच दिवशी त्यांच्याच हस्ते मुंबईचं रेडिओ प्रसारणही सुरू झालं.

फ्रँकलिनचा अँटेना म्हणजे उंच मनोऱ्यांच्या रांगेवर टांगलेला तारांचा पडदा. त्याच्या मागे दुसरा पडदा, आरशाचं काम करणारा. मला सर्वांत आवडली ती त्याची वीज पोचवायची रीत. ट्रान्समीटरपासून निघालेली तांब्याची नळी फांद्यांसारखी दुभंगत जायची, आणि कुठल्याही फांदीने गेलं तरी तारेपर्यंतचं अंतर अगदी सारखं. म्हणजे ढोलपथकात सगळ्यांना एकाच क्षणी इशारा. इथे थांबा कोणालाच नाही, म्हणून झोत पडद्याच्या बरोबर समोर. दिशा कोडमध्ये नव्हती, मनोरे कुठे रोवले त्यात होती. पुण्याहून इंग्लंडचा सर्वांत जवळचा रस्ता साधारण वायव्येला जातो, सुमारे ७,३०० किलोमीटर. मनोऱ्यांची रांग त्या रेषेला काटकोनात उभी केली की काम झालं.

पलीकडे, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशायरमध्ये, ग्रिम्सबीजवळ पाठवायचं केंद्र आणि स्केगनेसजवळ ऐकायचं. तिथूनच ऑस्ट्रेलियालाही झोत जायचा आणि त्यात एक गंमत होती. ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला, त्यामुळे पूर्वेकडून जा किंवा पश्चिमेकडून, दोन्ही रस्ते चालण्यासारखे. कुठल्या वेळी कुठल्या बाजूचं आकाश साथ देईल त्यावर झोत पुढे की मागे हे ठरायचं. एवढ्या मोठ्या यंत्रात निवडायला झोत दोनच. पण निवड होती.

या स्वस्त झोतांनी केबल कंपन्यांचं कंबरडं मोडलं. इतकं, की १९२८ मध्ये साम्राज्याला परिषद भरवावी लागली आणि १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी यांची एकच कंपनी करण्यात आली. तीच पुढे केबल अँड वायरलेस झाली. भारतातली सेवा १९४७ मध्ये सरकारकडे आली, ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या नावाने. तिचीच १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाली.

मी हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मंग दौंडात काय बोलायचे ते लोक?"

काहीच नाही, मामा. दौंडला फक्त ऐकायचे, आणि ऐकलेलं तारेने मुंबईच्या कचेरीत जायचं. बाजारभाव, सरकारी हुकूम, व्यापाऱ्यांचे सौदे. झोत दौंडच्या शेतांवरूनही जात होता, पण शेतातल्या माणसासाठी त्यात एक अक्षर नव्हतं. खडकीचे मनोरे वायव्येला तोंड करून उभे होते आणि बारामती, शिरूर, सोलापूर त्यांच्या पाठीला. झोत टाकायचा म्हणजे काही लोकांकडे पाठ करायची, हे मला माझ्या उलट्या टेबलात कळलं नव्हतं. ते इथे कळलं.

शोधणारा झोत

खडकीचा झोत रोवलेला होता. पुढचा प्रश्न असा, की दिशाच रोज बदलत असेल तर?

आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येतात. तो थर दिवसभर हलतो, त्यामुळे एकच संदेश दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून उतरतो आणि त्या लहरी एकमेकींत भांडतात. रेडिओवर लांबचं स्टेशन ऐकताना आवाज मोठा-बारीक होतो तो यामुळेच. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये हराल्ड फ्रीस आणि कार्ल फेल्डमन यांनी १९३७ मध्ये यावर उपाय छापला. नाव 'म्यूसा'. न्यू जर्सीतल्या होल्मडेलला सहा मोठे अँटेना एका रांगेत, पाऊण मैल लांब, तोंड इंग्लंडकडे. कोणताही अँटेना हलत नव्हता. प्रत्येकाच्या सिग्नलची फेज आत, यंत्रात बदलायची.

त्यांची खरी कल्पना पुढे आहे. सहाही अँटेनांचे सिग्नल त्यांनी एकापेक्षा जास्त शाखांत वाटले. एक शाखा सतत वरखाली सगळे कोन चाळत राहायची आणि कुठल्या कोनातून काय येतंय ते ब्राउनच्या नळीच्या पडद्यावर दाखवायची. बाकीच्या शाखा त्यातले चांगले कोन धरून बसायच्या आणि टेलिफोनचं संभाषण ऐकायच्या. एक जण शोधतोय, दुसरा काम करतोय.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला हसू आलं. रुंद झोताने शोधायचं, अरुंद झोताने बोलायचं. माझी दोन टेबलं. १९३७ साली हे काम नॉब फिरवून होत होतं आणि त्यांचं उलटं भरलं गेलं नव्हतं.

गट का करायचे

अँटेना वाढवले की झोत अरुंद होतो आणि लांब पोचतो. पण प्रत्येक अँटेनाला स्वतःचा रेडिओ द्यायचा म्हणजे पैसा, वीज आणि उष्णता. म्हणून गट करायचे. याचं उत्तम भारतीय उदाहरण मोबाइलमधलं नाही, खगोलशास्त्रातलं आहे.

गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ ३२ लहान डिश मांडून सूर्याचं निरीक्षण सुरू केलं. त्या डिश ऑस्ट्रेलियाने वापरून झाल्यावर भेट दिल्या होत्या. त्यानंतर १९७० मध्ये त्यांच्या गटाने उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली. उतार निवडला तो नेमका त्या जागेच्या अक्षांशाइतका, ११ अंशांचा. त्यामुळे पूर्व-पश्चिम फिरवायला एकच आस पुरते. उत्तर-दक्षिण फिरवायचं काम फेजवर सोपवलं. तिच्यात १,०५६ लहान अँटेना आहेत, ४८-४८ चे २२ गट. आधी गटाच्या आत जुळवायचं, मग गट एकमेकांशी जुळवायचे. त्यातून आकाशात शेजारी-शेजारी १२ झोत एकाच वेळी मिळायचे.

संदेशवहनाकडे ही कल्पना आणखी एका वाटेने आली. १९६१ मध्ये जेसी बटलर आणि राल्फ लोव यांनी तारांचं असं जाळं छापलं, की आठ अँटेना जोडले तर आठ ठरलेल्या दिशांचे आठ झोत तयार मिळतात. दिशा फिरवायची नाही, बटण निवडायचं. चार वर्षांनी संगणकवाल्यांनी फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म प्रसिद्ध केलं. त्याचं चित्र आणि बटलरच्या जाळ्याचं चित्र शेजारी ठेवलं तर सांधे तेच दिसतात.

तुमच्या खिशातली आजी

आता आजचं. लहर जितकी आखूड तितके अँटेना छोटे. भारतात फाइव्ह जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. त्यातल्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटर. म्हणून खडकीला मनोऱ्यांची रांग लागत होती ते काम आता गच्चीवरच्या एका पेटीत मावतं. २६ गिगाहर्ट्झला तर लहर सेंटिमीटरभराचीच. इतक्या आखूड लहरी आपल्याकडे नव्या नाहीत. जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात याहूनही आखूड, काही मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग करत होते.

नियम असा आहे : टॉवर ठरावीक वेळाने, साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी, आपले सगळे शोधझोत ओळीने टाकतो. तीन गिगाहर्ट्झपर्यंत जास्तीत जास्त ४, त्यावर सहापर्यंत ८ आणि मिलिमीटर लहरींत ६४. फोन सगळे ऐकतो, मोजतो आणि सर्वांत बऱ्या झोतासाठी राखून ठेवलेल्या वेळेला हाक मारतो. कुठल्या वेळी हाक आली यावरून टॉवरला कळतं, याला कितवा दिसला. दिशेबद्दल एक शब्द बोलला जात नाही. फक्त 'आलं' आणि 'गेलं'. तुमच्या खिशात आजी बसली आहे आणि ती दर काही मिलिसेकंदांनी मामाला ओरडून सांगते आहे.

गट इथेही आहेत. नेहमीच्या मोठ्या पेटीत १९२ लहान अँटेना असतात आणि रेडिओ ६४. म्हणजे एकावर एक असे तीन अँटेना एका रेडिओला बांधलेले. उभेच का बांधले? कारण माणसं जमिनीवर आडवी पसरलेली असतात असं गृहीत धरलं. झोत डावी-उजवीकडे बारकाईने फिरवता यायला हवा, वर-खाली थोडा फिरला तरी चालतो. हे गृहीतक बहुतेक ठिकाणी बरोबर असतं. टॉवरला लागून पंचवीस मजली इमारत उभी राहिली की वरच्या मजल्यांना त्याचा त्रास होतो. कुठले अँटेना एकत्र बांधायचे हा हिशेबाचा प्रश्न वाटतो. पण त्या हिशेबात माणसं कुठे राहतात याचा अंदाज आधीच घातलेला असतो. खडकीत तो अंदाज मनोऱ्यांच्या पायात होता. माझ्याकडे तो एका टेबलात आहे, म्हणून दिसत नाही एवढंच.

माझं टेबल दुरुस्त झालं. आता मी प्रत्येक चाचणीत एक फोन मुद्दाम पार डावीकडे ठेवायला लावतो. समोर ठेवलेला फोन चूक कधीच दाखवत नाही.

दिवाळीत आजोळी गेलो होतो. वस्तीवर अजून रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं. मामा आता साठीचा आहे. टाकीच्या कठड्यावर फोन ठेवून तो व्हिडिओ कॉल लावतो आणि हात लांब करून हळूहळू फिरतो.

"तुझ्या त्या चौसष्ट झोतांतला एक इकडं का नाही टाकत?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "मामा, झोत टॉवर निवडतो. टॉवर कुठे उभा करायचा ते आमचं कोड नाही निवडत."

त्याने मान हलवली आणि फोन चार बोटं डावीकडे सरकवला.

"आलं का बघ," म्हणाला.

आलं होतं.